बढती मिळाली, काम हरवलं

"आता तुला कमी काय आहे?" या प्रश्नापुढे भलीभली माणसं गप्प होतात. पद आहे, पगार आहे, आणि तरी कशातच जीव लागत नाही, हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर कृतघ्न ठरायचं. मला हा शिक्का अन्यायाचा वाटतो.

बझ ऑल्ड्रिन १९६९ साली चंद्रावर उतरला तेव्हा ३९ वर्षांचा होता. परतल्यानंतरच्या काळात त्याला नैराश्याने गाठलं, दारू वाढली. पुढे त्याने स्वतःच हे उघडपणे सांगितलं. असा आजार एकाच कारणाने होत नाही, हे खरंच. पण एक तपशील माझ्या मनातून जात नाही. हा माणूस हाडाचा इंजिनिअर. अंतराळात एक यान दुसऱ्यापर्यंत कसं न्यायचं, या विषयावर त्याने १९६३ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवलेली. आणि चंद्रावरून आल्यावर वाट्याला काय आलं? देशोदेशीचे दौरे, सत्कार, भाषणं.

आपल्याकडे चंद्र नसतो, पण घडतं हेच. उत्तम शिकवणाऱ्याला मुख्याध्यापक करतात आणि त्याचा वर्ग सुटतो. रुग्णांत रमणारी नर्स ड्युटीचे तक्ते भरत बसते. ज्या कामामुळे नाव झालं तेच हातातून जातं, आणि वर अभिनंदन स्वीकारायचं!

म्हणूनच "सगळं सोड आणि स्वतःला शोध" हा सल्ला मला पटत नाही. पोटापाण्याचं काय, हा प्रश्न तर आहेच. शिवाय आपण खरे कसे आहोत, हे रिकाम्या बसून कळत नाही. हातात काम असताना कळतं.

मी इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं करते. पद वाढलं तशी आकडेमोड इतरांकडे गेली. तरी प्रत्येक प्रकल्पातला एखादा भाग मी हट्टाने स्वतःकडे ठेवते. कोणत्या बीमवर किती भार येतो, तो कॉलममधून पायापर्यंत कसा उतरतो, हे कागदावर मांडत बसते. त्याची कुठे नोंद होत नाही. पण तेवढा वेळ लोकांना मी कशी दिसते, हा विचार डोक्यात येत नाही.

काही तंत्रज्ञान कंपन्यांत माणसं न सांभाळताही, निव्वळ कामातल्या कसबावर वर जाता येतं. ही सोय शाळांत आणि रुग्णालयांत का नसावी? आणि तुमच्यासमोर बढतीचं पत्र आलं, तर पगाराच्या आकड्याआधी एवढं जरूर विचारा: माझ्याकडचं कोणतं काम जाणार आहे, आणि त्यातलं थोडं मला ठेवता येईल का?