अंगठेबहाद्दर

अ‍ॅम्प्लिफायरची डावी बाजू मुकी झाली, एवढंच निमित्त. एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात आठ दिवस हेलपाटे घातल्यावर परवा एकदाचा निरोप आला, "झालंय, ऐकून घ्या." मालक म्हणाला, तुमच्याच मोबाइलवरून काहीतरी लावा. आता शहाण्या माणसाने लताबाईंचं एखादं गाणं लावावं, दोन्हीकडून आवाज येतोय हे बघावं, पैसे टाकावेत आणि निघावं. मी वेस माँटगोमेरी लावला, अमेरिकेतला जॅझ गिटारवाला.

त्यातही 'नो ब्लूज'. १९६५ साली न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबात वाजवलेला, जवळजवळ १३ मिनिटांचा. माझ्या मते 'स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट' ही जॅझ गिटारची सर्वांत चांगली रेकॉर्ड आहे. यावर वाद घालायला नाशकात अजून कोणी भेटलेलं नाही, म्हणून हे मत गेली वीस वर्षं अबाधित आहे.

स्टुलावर एक काका बसले होते. मांडीवर मिक्सर, त्यावर दोन्ही हात, लेकराला डोस पाजायला आणल्यासारखे. दोन मिनिटं त्यांनी सभ्यपणे सोसलं. मग म्हणाले,

"गाणं कधी सुरू होणार?"

"हेच गाणं आहे, काका."

"हे म्युझिक झालं. गाणारा?"

"यात गाणारा नाहीये."

"आला नाही?"

काय सांगणार! मी खुर्ची पुढे ओढली. गाढवपणा. म्हटलं, बघा, आधी तो एकेक सूर वाजवतो. मग तोच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकदम, त्याला ऑक्टेव्ह म्हणतात. मग भरगच्च कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकत्र. आपल्याकडे ख्यालात बढत असते ना, तसंच.

"बढतीत बुवा तोंड उघडतात," काका म्हणाले.

मालक हसला. मला त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आठ दिवसांत त्याने मला 'उद्या या' याशिवाय एक शब्द दिला नव्हता.

मग मी हुकमी पत्ता काढला. म्हटलं, हा माणूस प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, वापरायचा नाही, सगळं नुसत्या अंगठ्याने. रात्री सराव करताना शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून अंगठ्याने हळू वाजवायला लागला, असं सांगतात. आणि त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं.

"म्हणजे अंगठेबहाद्दर!"

दुकान हसलं. बाहेर चार्जर घ्यायला थांबलेला पोरगाही हसला. मला जास्त झोंबलं ते वेगळंच. इतकी वर्षं मी या माणसाचा अंगठा आणि निरक्षर नोटेशन मित्रांच्या कानी-कपाळी ओरडत आलो, आणि हा शब्द मला कधी सुचला नाही.

एरवी ज्या गावाचं नाव ढोलाला दिलंय, त्या गावात मी अंगठ्याची बाजू मांडत होतो, हेही खरंच. गणपतीत आमच्या कोपऱ्यावर डीजेच्या भिंती लागतात, खिडकीच्या काचा तोंडात दातांची कवळी हलावी तशा वाजतात, तेव्हा गाणं कधी सुरू होणार हे कोणी विचारत नाही. मात्र मी रविवारी दुपारी 'फुल हाउस' लावली, १९६२ सालची, बर्कलीच्या एका कॉफीहाउसात रेकॉर्ड केलेली, ज्यात जॉनी ग्रिफिनचा सॅक्सोफोन जरा चढ्या आवाजात बोलतो, की सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं येतात. वरच्या मजल्यावर त्याच वेळी ड्रिल चालू असतं. ड्रिलला हात जोडणारं कोणी नाही. असो.

काकांना जिंकायचंच, म्हणून शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, गरिबीतून आला हो. इंडियानापोलिसला दिवसा कारखान्यात वेल्डिंग करायचा आणि रात्री क्लबात गिटार. १९५९ मध्ये कॅननबॉल अ‍ॅडर्ली या सॅक्सोफोनवाल्याने ऐकलं आणि रेकॉर्ड कंपनीला कळवलं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी 'इन्क्रेडिबल जॅझ गिटार' आली.

काकांनी मिक्सर काउंटरवर ठेवला. ताठ बसले.

"वेल्डर होता? मग हे आधी नाही का सांगायचं! सातपूरला कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी." आणि पुढे वाकून, "गॅस की आर्क?"

"अं?"

"वेल्डिंग हो. गॅस का आर्क?"

मला गिटारचं मॉडेल माहीत होतं. गिब्सन एल-५. 'नो ब्लूज'ला पियानोवर विंटन केली, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब, हेही माहीत होतं. वेस १९६८ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला, हेही मी आवंढा गिळून सांगू शकलो असतो. काका उत्तराची वाट बघत होते. मालकही हातातली सोल्डरिंगची गन तशीच धरून थांबला होता.

"विचारून सांगतो," मी म्हणालो. कोणाला विचारणार होतो, देव जाणे.

"वीस वर्षं ऐकताय म्हणता," काका मालकाकडे बघत म्हणाले, माझ्याकडे नाही. मग जरा मवाळ होऊन, "आर्क असेल तर डोळे जातात हो रात्री. वाळू गेल्यासारखे होतात. त्यावर परत गिटार वाजवायची म्हणजे..." पुढे बोलले नाहीत. थोडा वेळ खरोखर ऐकत बसले. ऑक्टेव्ह सुरू झाले होते. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात मालकाने त्यांचा मिक्सर लावून बघितला. घर्रर्र! वेस माँटगोमेरी त्यात कुठल्या कुठे गेला.

"ह्याला म्हणतात आवाज," काका उठले. त्यांचे झाले दीडशे. माझे चौदाशे. शिवाय जाताना मालक म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी जरा बासवालं गाणं आणा. ह्याच्यात काही कळत नाही, काम झालंय की नाही ते."

त्याचं म्हणणं बरोबर निघालं. घरी येऊन तीच रेकॉर्ड लावली. उजवीकडे सगळं स्वच्छ. डावा स्पीकर मधूनच चरचरतो. आर्क असावं.