१७ सप्टेंबर, घरचा राष्ट्रीय सण

पंधरा ऑगस्ट सगळ्या देशाचा असतो. १७ सप्टेंबर, म्हणजे निजामाच्या राजवटीतून सुटका झाल्याचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा मात्र आम्हा मराठवाड्याच्या लोकांचा खास घरचा राष्ट्रीय सण आहे, आणि तो कळंबसारख्या तालुक्याच्या गावी, सगळ्या पिढ्या एका ओसरीवर बसलेल्या असताना साजरा करण्यातच खरा अर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून आम्ही भावंडे त्या दिवशी पुण्याहून रजा टाकून येतो. (ही सुटी फक्त मराठवाड्याला असल्यामुळे कार्यालयात दरवर्षी कारण समजावून सांगावे लागते, ही गोष्ट वेगळी.)

सकाळचे ध्वजारोहण, प्रभातफेरी आणि नंतरची जिलेबी यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती भाषणांबद्दल. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, असा पाच दिवसांचा इतिहास वक्ते सांगतात आणि त्याआधीचे १३ महिने गाळून टाकतात. देश स्वतंत्र झाला होता, पण आमचा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तिरंगा लावणे हाच तिथे गुन्हा ठरत होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते आणि गावोगाव रझाकारांची, म्हणजे निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांची, दहशत होती.

हे १३ महिने आमच्या मुलांना कळतात ते आजीकडून. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे संस्थानाच्या हद्दीबाहेर. त्यामुळे आमच्याकडची कितीतरी कुटुंबे रात्रीतून बैलगाड्या जुंपून तिकडे गेली, त्यांत आजीचे माहेरही होते. रझाकारीत काय काय झाले हे ती सांगते, तेव्हा मोबाईलमध्ये डोके घातलेली मुलेसुद्धा वर बघतात. मात्र त्याच गोष्टीत ती न चुकता आणखी एक सांगते, की मागे राहिलेले घर आणि गाय शेजारच्या मुसलमान कुटुंबाने सांभाळली, आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजांच्या त्या कारवाईनंतर, आजीकडची माणसे परत आली तेव्हा ते कुटुंबच गाव सोडून गेलेले होते.

माझे काका इथे दरवर्षी अडवतात. सणाच्या दिवशी हे कशाला उगाळायचे, असे त्यांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करत होता, हे आपण मुलांना सांगतो. मग रझाकारांवर टीका करणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा २२ ऑगस्ट १९४८ रोजी रझाकारांनी खून केला, हे का सांगायचे नाही? फौजा आल्यानंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले ते पाहण्यासाठी भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल समिती पाठवली होती. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि मराठवाड्यातलाच नांदेड होता. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. रझाकारांचे अत्याचार त्यामुळे कणभरही कमी होत नाहीत आणि हौतात्म्य पत्करलेल्यांचा मानही कमी होत नाही. उलट, ज्या स्वातंत्र्यासाठी माणसे लढली त्यात शेजारचे ते कुटुंबही मोजले जायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे काकांना असते. ते ऐकून घेतात, मान्य करत नाहीत, आणि जेवायला सगळ्यांच्या आधी बसतात.

यंदा ध्वजारोहण आटोपल्यावर मुलांना घेऊन नळदुर्गला जायचे ठरले आहे. बोरी नदीचे पात्र आणि किल्ला दाखवताना फौजा कुठून आल्या ते काका सांगतील, पुढचे मी सांगेन, आणि गाडीत पुढच्या सीटवर आजी असेल.