बुडत्या बोटीची हाक आणि ‘जाणूनबुजून’ पत्करलेला धोका: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर आणि संयमाने लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे. भूमध्य समुद्रातील स्थलांतरितांच्या बोटींविषयीच्या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. ही माणसे धोका ठाऊक असूनही निघतात आणि लिबियाचा किनारा मागे पडताच सॅटेलाइट फोनवरून मदत मागतात, तेव्हा ती संकटाची हाक नसून ठरवून केलेला बनाव आहे. अशा हाकेला ओ दिल्याने आणखी माणसे निघतात, म्हणून बचावाची जहाजे मागे घ्यावीत. आणि या सगळ्याचा भुर्दंड व्यापारी जहाजांना बसतो. पहिले दोन आक्षेप मला पटत नाहीत. तिसरा खरा आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

हाक खरी की खोटी हे फोन करणाऱ्याच्या हेतूवरून ठरवावे, असे आपले म्हणणे दिसते. समुद्रावरचा नियम हेतूकडे पाहतच नाही. १९७९ च्या शोध व बचाव करारानुसार संकटातील माणसाला मदत द्यायची ती त्याचे राष्ट्रीयत्व, त्याचा दर्जा किंवा तो कोणत्या परिस्थितीत सापडला हे न पाहता. वादळाचा इशारा झुगारून निघालेल्या हौशी नौकानयनपटूलाही हाच नियम लागू होतो, आणि त्याला वाचवताना ‘जाणूनबुजून’ हा शब्द कोणी काढत नाही. पाहायची असते ती बोटीची अवस्था. फ्रॉन्टेक्स या आपल्या सीमारक्षण यंत्रणेच्या सागरी मोहिमांसाठी युरोपीय संघाने २०१४ साली केलेल्या नियमावलीत त्याच्या कसोट्या दिल्या आहेत: बोट मुक्कामाला पोहोचण्याजोगी आहे का, तिच्या मानाने माणसे किती आहेत, इंधन, पाणी आणि अन्न किती उरले आहे, चालवणारा जाणकार आहे का, गरोदर स्त्रिया किंवा मुले आहेत का, हवामान कसे आहे. केवळ मदतीच्या मागणीवरून संकट आहे की नाही हे ठरवू नये, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. या कसोट्या लावल्या तर शंभरावर माणसे कोंबलेली रबरी बोट किनारा सोडतानाच संकटात असते. फोन नंतर येतो.

हेतूच्या वादापेक्षाही घातक ठरतो तो हद्दीचा वाद. ११ ऑक्टोबर २०१३ रोजी ४०० हून अधिक माणसे, त्यांत बरेच सीरियन, घेऊन लिबियाहून निघालेल्या बोटीवर गोळीबार झाला होता आणि तिच्यात पाणी शिरत होते. बोटीवरच्या एका डॉक्टरने रोमच्या बचाव समन्वय केंद्राला फोन करून बोट बुडत असल्याचे कळवले. पुन्हा पुन्हा फोन केल्यावर त्याला सांगण्यात आले की बोट माल्टाच्या शोध-बचाव क्षेत्रात आहे, माल्टाला फोन करा. लांपेडुसा हे इटलीचे बेट तिथून सुमारे ६० सागरी मैलांवर होते, तर माल्टा जवळजवळ दुप्पट अंतरावर. आणि इटालियन नौदलाचे ‘लिब्रा’ हे जहाज तर तासाभराच्या वाटेवर होते. टोलवाटोलवीत दुपार गेली, संध्याकाळी बोट उलटली. २०० हून अधिक माणसे गेली, त्यांत सुमारे ६० मुले होती. क्षेत्र माल्टाचे असले तरी हाक आधी इटलीकडे आली होती आणि जहाजही जवळ होते, त्यामुळे वेळीच मदत न करून इटलीने जगण्याच्या हक्काचे रक्षण करण्यात कसूर केली, असा निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने जानेवारी २०२१ मध्ये दिला.

बचावामुळे लोंढे वाढतात, हा तर्क सरकारांनीही अजमावून पाहिला आहे. इटलीची ‘मारे नोस्त्रुम’ ही नौदलाची बचाव मोहीम ऑक्टोबर २०१४ मध्ये आटोपती घेण्यात आली. त्यानंतर आलेल्या फ्रॉन्टेक्सच्या ‘ट्रायटन’ मोहिमेचे मुख्य काम सीमारक्षण हे होते. माणसे निघायची थांबली नाहीत. २०११ ते २०२० या काळाचा अभ्यास २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही बचावकार्यामुळे निघणाऱ्यांची संख्या वाढल्याचे आढळले नाही. (वाचवणारे येतील या हिशेबाने तस्कर अधिकच तकलादू बोटी वापरतात, असा मुद्दा आपण मांडला असता, तर मला उत्तर देणे जड गेले असते.)

बचावाची जहाजे मागे घेतली की हाकेला धावण्याचे काम जवळच्या मालवाहू जहाजावर येऊन पडते, म्हणजे आपला दुसरा उपाय आपल्याच तिसऱ्या तक्रारीला जन्म देतो. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री ‘किंग जेकब’ हे मालवाहू जहाज असेच मदतीला गेले. खच्चून भरलेली मासेमारी बोट त्याच्यावर आदळून उलटली. ८०० हून अधिक माणसे बुडाल्याचा अंदाज आहे, २८ वाचली. बोट चालवणाऱ्याला इटालियन न्यायालयाने पुढे शिक्षा केली, आणि ते योग्यच झाले. पण मोजके खलाशी आणि उंच कठडे असलेले जहाज शेकडो माणसे अंधारात वर घेण्यासाठी बांधलेले नसते, हे त्या शिक्षेने बदलत नाही.

भुर्दंडाचे म्हणाल, तर २०२० साली माल्टाच्याच विनंतीवरून २७ जणांना वाचवणारा ‘मर्स्क एटिएन’ हा टँकर ३८ दिवस अडकून पडला, कारण माल्टाने त्यांना उतरवून घेतले नाही. वाचवलेल्यांना लवकर उतरवून जहाज मोकळे करण्यासाठी राज्यांनी सहकार्य करावे, अशा दुरुस्त्या शोध व बचाव करारात २००४ साली झाल्या आणि २००६ पासून अमलात आल्या. माल्टाने त्यांना हरकत घेतली होती. जहाजे अशी अडकू नयेत असे आपल्याला वाटत असेल, तर वाद उतरवण्याच्या बंदराविषयी घालावा लागेल, आणि त्या वादात मी आपल्या बाजूने असेन.