चारातून दोन गेले

रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत फोर व्हील ड्राइव्हच्या गटात माझ्यासकट तिघेच उरले होते आणि टू व्हीलमध्ये ही गर्दी! म्हटलं, आपल्या बग्गीचं पुढचं ड्राइव्ह काढलं की झाली टू व्हील. नवीन काही बसवायचं नाही, आहे ते काढायचं. काढण्यात मी लहानपणापासून वाकबगार. घरातली दोन घड्याळं आणि एक रेडिओ साक्षीला आहेत. म्हणजे त्यांचे अवशेष.

पुढचे डॉगबोन (म्हणजे चाकं फिरवणारे छोटे शाफ्ट), पुढचं डिफरन्शियल, तिथपर्यंत जाणारा मधला शाफ्ट, सगळं वाटीत जमा झालं. एक्सलही काढले. चाक त्यांच्याच टोकावरच्या षटकोनी हेक्सवर बसतं, हे चाक हातात आल्यावर कळलं. एक्सल परत घातले. तेवढ्यात ई-क्लिप 'टिंग' करून उडाली.

"काय शोधताय?" बायकोनं विचारलं.

"क्लिप."

"केवढी?"

मी चिमटीत माप दाखवलं, तर तिला नुसती चिमूटच दिसली.

अखेर बॅटरी लावून ट्रिगर दाबला. मोटर किंचाळली, गाडी ढिम्म. आणखी दाबला. आणखी किंचाळली. वाकून बघतो तो पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलचा पुढचा, शाफ्टविना रिकामा कप गरगर फिरतोय आणि मागची चाकं बसून मजा बघताहेत. डिफरन्शियलचा स्वभावच तो: जिकडे विरोध नाही, तिकडे सगळं फिरणं ढकलून द्यायचं. ऑफिसात मी तोच कप असल्यामुळे हे लगेच पटलं.

आधी त्या डिफरन्शियलमध्ये पाच लाख सीएसटीचं (हे दाटपणाचं माप) सिलिकॉन तेल भरलं. त्याला तेल का म्हणतात कोण जाणे. बाटली उलटी करून मी आंघोळ करून आलो, तरी थेंब तोंडाशीच लोंबत होता. गाडी निघाली खरी, पण सासुरवाशिणीसारखी, मागे बघत बघत. शेवटी ते डिफरन्शियलच काढलं आणि स्पूल, म्हणजे दोन्ही टोकं एकत्रच फिरवणारा जोड, बसवला. पुढचं टोक हवेत असलं तरी मागच्या शाफ्टला आता फिरणं भाग होतं. (नवीन काही बसवायचं नव्हतं, हे वाक्य बायकोनं पाठ केलंय.)

मग मागच्या चाकांवर वजन हवं म्हणून बॅटरी मागे सरकवली आणि तिच्यामागे शिशाचे तुकडे चिकटवले. पुढे अरुंद, उभ्या रेघांचे टायर आले. वाटीतल्या ऐवजाचं वजन करायचं मी टाळलं.

शर्यतीत पहिलं वळण आलं. हात जुन्या सवयीचा, ब्रेक कचकन दाबला. पूर्वी चारही चाकं धरायची, आता फक्त मागची दोन. गाडीनं जागच्या जागी गिरकी घेतली आणि मागून येणाऱ्या सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या वळणावर ब्रेक लावलाच नाही, बाहेर पडताना थ्रॉटल जास्त दिला. परत गिरकी. तिसऱ्या वळणावर उलटलीच.

मार्शलचं काम करणारा पोरगा धावत आला. गाडी सरळ करता करता त्यानं पोटाखाली डोकावून पाहिलं आणि हळहळून ओरडला, "काका, तुमचे पुढचे दोन्ही शाफ्ट पडलेत! शोधू का ट्रॅकवर?"

मागच्या गाड्या सूं सूं करत निघून चालल्या होत्या.

"शोध बाबा," मी म्हटलं.