कांदा, फ्रिज आणि तुरटी: काळ्या बुरशीबद्दलचे फॉरवर्ड तपासून पाहू

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत दोन मेसेज घरोघरी पोचले. पहिल्यात होतं, कांद्याच्या सालीवरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच काळी बुरशी, म्हणून कांदे टाकून द्या. दुसऱ्यात तुरटी, हळद, सैंधव आणि मोहरीचं तेल एवढ्यावर ती बरी होते, असा हवाला होता. असले मेसेज मरत नाहीत.

कांद्यावर असते ती बहुधा अ‍ॅस्परजिलस नायगर नावाची बुरशी. ज्या आजाराला लोक 'काळी बुरशी' म्हणतात, त्या म्युकरमायकोसिसच्या (थोडक्यात म्युकर) बुरश्या वेगळ्या गटातल्या, भारतात मुख्यतः रायझोपस. शिळ्या पावावर कापसासारखी उगवते ती याच कुळातली, तेव्हा संशय घ्यायचाच तर पावावर घ्या! पण त्यालाही अर्थ नाही. हिचे बीजाणू मातीत, कुजक्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात आणि आपण ते रोज श्वासातून घेतो. कांदा धुऊन खा.

मग आजारी काहीच जण का पडतात? अनियंत्रित मधुमेह, रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण, स्टेरॉइडचा मोठा किंवा लांबलेला डोस, ही खरी दारं. साखर फार चढून रक्त आम्लधर्मी झालं की पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात आणि रक्तातलं लोह बुरशीला सहज मिळतं. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, याने फायदा दिसला होता. ऑक्सिजन न लागणाऱ्यांनीही ते घरी घेतलं, तेही साखर न तपासता. त्यावर मात्र एकही फॉरवर्ड आला नाही.

काळी बुरशी माणसाकडून माणसाला लागते, हेही खोटं.

आता तुरटी-हळद. ही बुरशी सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये, वरवर बसत नाही. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, आत गुठळ्या होतात, पुढचा भाग मरून काळा पडतो. तिथे तोंडातून घेतलेली हळद कशी पोचणार? रक्तपुरवठाच तुटल्यामुळे शिरेतून दिलेलं औषधही मेलेल्या भागात नीट पोचत नाही. म्हणून सर्जनला तो भाग कापून काढावा लागतो, कधी वरचा जबडा, कधी डोळासुद्धा.

या घरगुती प्रयोगात जातात ते दिवस. एका बाजूचा गाल बधीर होणं किंवा सुजणं, दात अचानक हलू लागणं, नाकातून काळपट स्राव, एकाचे दोन दिसणं, पापणी खाली येणं, यातलं काहीही मधुमेह्याला दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. दुर्बिणीने नाक पाहून ऊतीचा तुकडा काढतात. म्युकर असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, जवळपास पडदे नसलेले तंतू दिसतात. गॅलेक्टोमॅनन ही रक्तचाचणी अ‍ॅस्परजिलससाठी आहे, म्युकर त्यात सापडत नाही. ती निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नये. अ‍ॅस्परजिलसवरचं पहिल्या पसंतीचं औषध व्होरिकोनाझोल म्युकरवर निकामी ठरतं, त्यामुळे बुरशी नेमकी कोणती हे कळायलाच हवं.

म्युकरवरचं मुख्य औषध लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी, वजनाच्या दर किलोला रोज किमान ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या, दररोज, कित्येक आठवडे. मे २०२१ मध्ये नातेवाईक त्या शोधत का वणवण फिरत होते, ते यावरून कळेल. हे औषध मूत्रपिंडांवर ताण आणतं, रक्तातलं पोटॅशियम उतरवतं, म्हणून मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वरचेवर तपासतात. पुढे पोसाकोनाझोल किंवा इसाव्हुकोनाझोलच्या गोळ्या. आणि सगळा वेळ साखर आटोक्यात, नाहीतर शस्त्रक्रियेनंतरही ती पसरत राहते.