तुमची वाळवी

"तुमच्या वाळवीचं काय झालं?" काका काल जिन्यात चार माणसांसमोर विचारते झाले. तुमच्या! जशी काही मीच ती पाळली आहे.

झालं होतं एवढंच की, दाराच्या चौकटीकडेने मातीची नळी वर चढलेली दिसली. टोकरली तर आत पांढुरके जीव सैरावैरा. म्हणून मी भिंतीला भोकं पाडून आतल्या पोकळीत वाळवीचा फेस सोडत होतो. मेन स्विच बंद, हातात मोजे, सगळं रीतसर. तेवढ्यात काका आले. ड्रिलचा आवाज ऐकून येणारा माणूस मदतीला आलेला मी अजून पाहिलेला नाही.

काकांनी भिंत बोटांनी वाजवली आणि कान लावला.

"टकटक ऐकू येतंय."

"त्यांच्यातले सैनिक धोका जाणवला की डोकं आपटतात."

"मग मरतील की आपोआप! औषध कशाला?"

मी भोकात नळी सरकवली.

"राणी मेली का?"

"राणी इथे नसते काका, खाली जमिनीत असते."

"मग हे कोणाला मारताय?"

"कामकऱ्यांना. त्यांना हे औषध आहे हे कळतच नाही. त्यातूनच ये-जा करतात, अंगाला लागलेलं एकमेकांना चाटवतात, भरवतात. असं ते पसरतं."

"म्हणजे काम तुम्ही त्यांच्यावरच ढकललंत," काका म्हणाले. "त्यापेक्षा रॉकेल ओता."

वाळवी झुरळांच्याच कुळातली, हे मात्र मी बोललो नाही. "तुमची झुरळं" सुरू झालं असतं.

पातळ औषध भिंतीत टाकलं की खाली ओघळून जातं. फेस फुगतो, वाट मिळेल तिकडे शिरतो. त्याला वाट मिळाली काकांच्या कोपराशेजारच्या भोकातून. बाहीवर पांढराशुभ्र गोळा. मी त्यांना तसाच मोरीत नेला, साबणाने हात धुवायला लावला, सदरा बदलायला घरी पिटाळलं. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं, "अंगावर औषध सोडलं हो माझ्या!"

खरी चीड वेगळीच आहे. फेस जिथवर पोचतो तिथवरच काम करतो. वारूळ जमिनीत, म्हणजे औषध पायाभोवतीच्या मातीत द्यायला हवं, आणि पाया काही माझ्या एकट्याच्या घराखाली नाही. बैठकीत विषय काढला तर "ज्यांच्याकडे आहे त्यांनी बघावं" म्हणून सगळे चहाकडे वळले. कामकरी वाळवी आंधळी असते, तिला दारावरच्या पाट्या दिसत नाहीत. आमच्या मंडळींना तेवढ्याच दिसतात. दर वेळी खर्च माझा, भोकं माझी, लांबीसुद्धा मीच भरायची.

रात्री बेल वाजली. काका.

"तो डबा उरलाय का? आमच्याकडे तसं काही नाही हो. कपाटामागे जरा माती पडल्यासारखी वाटते, इतकंच."

"संपला," मी म्हणालो.

अर्धा शिल्लक आहे.