बसतंय की!

जिन्याखाली संडास काढायचा म्हटलं की कोल्हापुरात पहिलं उत्तर तयार असतं, "बसतंय की!" टेप काढलेली नाही, चेंबरचं झाकण उचललेलं नाही, तरी गवंडी म्हणतो बसतंय, प्लंबर म्हणतो बसतंय, आणि बघायला आलेले शेजारचे काका तर म्हणणारच. अरे, बसतंय काय? कमोड? ते कुठंबी बसतंय. देवघरातसुद्धा बसंल. त्यातली घाण परड्यातल्या चेंबरपर्यंत जाणार कशी, ते कोण बघणार?

चार इंची पाइपला 40 ला 1 उतार धरायचा, म्हणजे 10 फुटाला 3 इंच. पेठांतली जुनी घरं अरुंद आणि लांबलचक. जिना सोप्याला लागून, चेंबर पार मागं. 24 फूट अंतर निघालं तर उतारातच सव्वासात इंच गेले. कमोडखालचा बेंड फरशीखाली आणखी आठ-नऊ इंच खातो. म्हणजे चेंबरमध्ये पाइप उतरतो ती जागा फरशीच्या निदान 16 इंच खाली पाहिजे. हे बघायला लागतं काय? पाण्यानं भरलेली लेव्हल ट्यूब, दोन माणसं, दहा मिनिटं. तेवढी दहा मिनिटं कुणाकडं नसतात. टाइल्सचा रंग निवडायला मात्र अख्खं घर दुकानात.

मग निम्मी चर खोदून झाल्यावर साक्षात्कार होतो, चेंबर फूटभरच खोल आहे! यावर उपाय काय, तर संडासाची फरशी उचला. गुडघ्यामुळं आजीला वर जाता येत नाही म्हणून खाली संडास, आणि त्याला दोन पायऱ्या. वर जिन्याची उतरती बाजू, उठताना डोकं आपटणार ते वेगळंच. त्यापेक्षा जिन्याचा हट्ट सोडून चेंबरच्या बाजूची भिंत धरा. पी ट्रॅपचं कमोड घ्या. त्याचं तोंड फरशीच्या वर साधारण सात इंचांवर भिंतीतनं बाहेर पडतं, मग खालची आठ-नऊ इंचांची खोदाईच वाचते. पण हे सांगितलं की चेहरा असा करतात, जणू त्यांच्या रानातला बांध कोरला.

एस ट्रॅपची, म्हणजे तोंड खाली फरशीत उतरणाऱ्या कमोडची, गंमत आणखी भारी. 9 इंच किंवा 12 इंच हे अंतर पाइपच्या मध्यापासून टाइल लावून झालेल्या भिंतीपर्यंतचं असतं. आपला गडी मोजतो कच्च्या विटेपासून. प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-दीड इंच खातात, 9 चे साडेसात उरतात आणि टाकी भिंतीला भिडते. मग नवी फरशी फोडा.

सगळ्यात जास्त डोकं कशानं फिरतं सांगू? वरच्या मजल्याच्या उभ्या पाइपला खालच्या संडासाचा खालच्या खाली दिलेला जोड. "आहे की लाइन, कशाला दुसरी?" वर फ्लश केला की पाणी हवा ढकलत खाली येतं, मागं हवा ओढून घेतं. खाली कमोडमध्ये गुडगुड, आणि नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात, वास अडवायला धरलेलं दोन इंच पाणी त्या ओढीनं निघून जातं. मग घरभर वास, आणि उदबत्त्या लावत बसा. खालच्या संडासाची लाइन वेगळी काढून थेट चेंबरमध्ये सोडायची. व्हेंट पाइप, म्हणजे लाइनला हवा देणारा पाइप, गच्चीच्या वर न्यायचा, खिडकीखाली बोडका सोडायचा नाही. वळणावर एक काटकोनी बेंड कोंबण्यापेक्षा 45 चे दोन घाला, आणि तुंबलं तर उघडायला झाकणाचा बेंड हात पोहोचेल अशा जागी ठेवा.

पाइप एसडब्ल्यूआरच, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठी बनवलेला, तोही टाइप बी. टाइप ए पातळ, तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला. उसाच्या रानातला उरलेला पाइप "त्योबी चार इंचीच हाय की" म्हणून आणणाऱ्याला हात जोडा आणि परत पाठवा. जुनी मातीची भिंत असेल तर तिच्यावर थेट टाइल लावू नका, आतनं विटेची वेगळी भिंत घ्या, नाहीतर ओल वर चढत जाते. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यांना वाटा मारा, म्हणजे सिमेंटची गोलाई द्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, एक दिवस पाणी तुंबवून ठेवा, मगच टाइल. कमोड पाइपला पांढऱ्या सिमेंटनं चिकटवण्याची खोड तर कधी जाणार देव जाणे. जोड हलला की भेग, भेग पडली की वास. रबरी कनेक्टर मिळतो, तो लावा.

आणि पंचगंगेच्या बाजूला सखल भागात राहणाऱ्यांनो, 2019 आणि 2021 चा पूर विसरलात का? चेंबर भरलं की पाणी उलटं येतं, आणि घरात सगळ्यात खालचं तोंड याच कमोडचं. लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहिजेच. तो मिटलेला असताना आपला फ्लशही पुढं जात नाही, तेवढे दिवस वरचाच संडास वापरायचा. झडपेत कचरा अडकला की ती मिटतच नाही, म्हणून पावसाळ्याआधी उघडून साफ करायची. पण उघडणार कशी? परडं देखणं दिसावं म्हणून चेंबरच्या झाकणावरच फरशी बसवून मोकळे झालेले असतात शहाणे. आता आणा पहार.